वाफ पोहोचते का? पीण्यातल्या ट्रॅपपासून थरच्या तेलविहिरीपर्यंत



आजचा विषय चिकट आहे, अगदी शब्दशः. जमिनीत काही ठिकाणी असं तेल असतं की ते वाहतच नाही. विहीर खोदली, पंप बसवला, तरी ते जागचं हलत नाही. मग त्याला वाफ देऊन पातळ करतात आणि वर काढतात. ही वाफेची पद्धत सुधारायची म्हणजे नेमकं काय करायचं, ते आज बघू.

तुम्ही म्हणाल, बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात बसलेल्या माणसाला तेलविहिरीतलं काय कळणार? इथे जमिनीखाली कठीण दगड आहे, तेलाचा टिपूसही नाही. कबूल. पण वाफ मला कळते. पीण्यात माझं छोटं वर्कशॉप आहे, पाइप फॅब्रिकेशनचं. फ्लँज, ओरिफिस प्लेट, वाफेच्या लाइनचे तुकडे, अशी कामं. आमच्या आजूबाजूला कपडे शिवणारी, कापड रंगवणारी, प्लेटिंग करणारी युनिट्स आहेत आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी एक तरी बॉयलर आहे. काही वर्षांपूर्वी एका ठेकेदारामार्फत तेलक्षेत्रासाठी वाफेच्या लाइनचे काही भाग बनवायचं काम आलं. ड्रॉइंगवरचा दाब आणि तापमान बघून मी चक्रावलो आणि वाचायला लागलो. तेव्हापासून या विषयाने मला सोडलेलं नाही.

सुरुवात मात्र शेजारच्या डाइंग युनिटपासून करतो. तिथले मालक मला म्हणाले, बॉयलर लहान पडतोय, टाकीतलं पाणी तापायला दुप्पट वेळ लागतो, मोठा बॉयलर घ्यायचाय, लाइनचा खर्च काढून द्या. मी टेप घेऊन मापं घ्यायला गेलो. बॉयलरवर खानापूरकडचे एक काका होते, आयुष्य वाफेत घालवलेले. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘वाफ कमी नाही रे बाबा, वाफ पळून जायालीय बघ.’’

त्यांनी मला टाकीच्या खालचा स्टीम ट्रॅप दाखवला. स्टीम ट्रॅप म्हणजे एक साधी वस्तू. वाफ टाकीच्या कॉइलमध्ये जाते, उष्णता देते आणि तिचं पाणी होतं. ते पाणी, म्हणजे कंडेन्सेट, बाहेर सोडायचं पण वाफेला आत अडवायचं, एवढंच ट्रॅपचं काम. तो ट्रॅप उघडा राहून अडकला होता. वाफ कॉइलमधून सरळ पळत होती, उष्णता न देताच. वर लाइनचं लॅगिंग तीन ठिकाणी सुटलेलं. ट्रॅप बदलला, लॅगिंग केलं आणि टाकी पूर्वीच्या वेळेत तापायला लागली. नव्या बॉयलरचं काम माझ्या हातून गेलं. पण ‘वाफ किती बनते’ आणि ‘वाफ किती पोहोचते’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे डोक्यात बसलं ते कायमचं. आज तेलाबद्दल जे सांगणार आहे ते सगळं या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

आता त्या तेलाकडे वळू. निपाणी-कोल्हापूरकडच्या लोकांना गुऱ्हाळ माहीत असतं. काहिलीत उकळणारी काकवी पाण्यासारखी खळाळते. तीच काकवी बरणीत भरून थंडीत ठेवली की चमच्याने ओढावी लागते. पदार्थ तोच, फरक फक्त तापमानाचा. जड तेलाचं असंच आहे, फक्त फरक फार मोठा. कॅनडातल्या अथाबास्का भागातलं बिट्युमेन जमिनीत दहाएक अंश सेल्सियसला असतं. तिथे ते पाण्याच्या दहा लाख पट किंवा त्याहूनही जास्त घट्ट असतं. आपल्या रस्त्यावरच्या डांबराचंच भावंड. तेच दोनशे अंशांपर्यंत तापवलं की पाण्याच्या दहाएक पट घट्ट उरतं, म्हणजे चक्क वाहतं. एवढा फरक पाडणारं दुसरं कुठलंही स्वस्त साधन माणसाला अजून सापडलेलं नाही.

मग गरम पाणीच का नाही सोडायचं? वाफच का? एक किलो पाणी तीस अंशांवरून शंभर अंशांवर न्यायला सुमारे २९३ किलोज्यूल लागतात. पण शंभर अंशांच्या त्याच पाण्याची वाफ करायला आणखी २२५७ किलोज्यूल लागतात. ही लपलेली उष्णता, शाळेत आपण तिला ‘अप्रकट उष्मा’ म्हणायचो. वाफ जिथे थंड पृष्ठभागाला लागून पाणी होते, तिथे ती ही सगळी उष्णता एका जागी टाकते. म्हणून उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका भयंकर असतो. वाफ म्हणजे उष्णतेची वाहतूक करणारी मालगाडी. तिचा माल शेवटच्या स्टेशनावर उतरला पाहिजे, वाटेत नाही.

इथे एक अडचण आहे आणि तेलाच्या धंद्यातली निम्मी डोकेदुखी तिच्यातून येते. दाब वाढला की ही लपलेली उष्णता कमी होत जाते. पीण्यातले बॉयलर साधारण आठ-दहा बारवर चालतात. दहा बारला ती सुमारे २०१५ किलोज्यूल असते. शंभर बारला १३१७. आणि २२१ बारच्या आसपास ती शून्य होते, तिथे पाणी आणि वाफ यांतला भेदच संपतो. आता जमिनीत हजार मीटर खाली पाण्याचा नैसर्गिक दाबच शंभर बारच्या जवळ असतो. वाफ आत ढकलायची तर तेवढा दाब द्यावाच लागतो. म्हणजे तेल जितकं खोल, तितकी मालगाडीत माल भरायची जागा कमी आणि प्रवास लांब. दोन्हीकडून मार.

आपल्या देशातलं उदाहरण घ्यायचं तर राजस्थानातलं बाघेवाला. जैसलमेर जिल्ह्यात, थरच्या वाळवंटात, बिकानेर-नागौर खोऱ्यात. ऑइल इंडिया कंपनीला १९९१ मध्ये तिथे जड तेल सापडलं. ते तेल अकराशे मीटरच्या आसपास खोल, जोधपूर वालुकाश्म नावाच्या अतिप्राचीन थरात आहे. सापडलं खरं, पण ते हलेना. उत्पादन सुरू व्हायला २०१७ उजाडलं. मधली पंचवीस वर्षं तेल तिथेच होतं, माहीतही होतं, काढता येत नव्हतं एवढंच. मग तिथे वाफ द्यायला सुरुवात झाली आणि २०२५ मध्ये उत्पादन दिवसाला बाराशे बॅरलपर्यंत गेलं. ते तेल टँकरने गुजरातेत मेहसाण्याला जातं आणि तिथून पाइपलाइनने कोयली रिफायनरीत. देशाच्या भुकेपुढे बाराशे बॅरल म्हणजे दर्या में खसखस. पण आपण कच्च्या तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून आणतो, तेव्हा अशा विहिरींचाही हिशेब बघावा लागतो.

मेहसाण्याचं नाव आलंच आहे तर सांगतो. तिथेही जड तेल आहे, बालोल आणि संथाल ही क्षेत्रं प्रसिद्ध आहेत. तिथे ओएनजीसीने वेगळाच मार्ग धरला. जमिनीत हवा सोडून तेलाचा थोडा भाग खालीच जाळायचा आणि त्या उष्णतेने उरलेलं तेल पुढे ढकलायचं. १९९० मध्ये बालोलला याची चाचणी झाली आणि १९९७ पासून ते मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. खोली तिथेही हजार मीटरच्या घरात. एवढ्या खोलवर वाफ पोहोचवण्यापेक्षा चूल खालीच पेटवलेली बरी, असा त्यामागचा विचार. मला हे फार धाडसाचं वाटतं, कारण खालची आग डोळ्यांनी दिसत नाही. पण आजचा विषय वाफेचा आहे, तेव्हा परत तिकडे.

बाघेवालात वापरतात ती पद्धत म्हणजे एकाच विहिरीतून आधी वाफ आत सोडायची, मग विहीर बंद करून काही दिवस मुरू द्यायची आणि मग त्याच विहिरीतून तेल उपसायचं. तेल पुन्हा थंड झालं की पुन्हा वाफ. लोणचं मुरतं तसं. इंग्रजीत याला सायक्लिक स्टीम स्टिम्युलेशन म्हणतात, कामावरचे लोक सीएसएस म्हणतात. ही पद्धत सापडली ती अपघाताने. १९५९ च्या सुमारास व्हेनेझुएलातल्या मेने ग्रांदे इथे शेल कंपनीची माणसं एका विहिरीतून वाफ सोडून दुसऱ्या विहिरीकडे तेल ढकलायचा प्रयत्न करत होती. दाब फार झाला आणि वाफ जमीन फोडून वर आली. घाबरून त्यांनी वाफेच्या विहिरीचाच व्हॉल्व्ह उघडला, दाब उतरावा म्हणून. तर त्या विहिरीतून तेलच यायला लागलं, आणि तेही भरपूर! ज्या विहिरीकडून कुणाची काही अपेक्षा नव्हती, तिनेच रस्ता दाखवला.

मुरवण्याची ही पद्धत सोपी वाटते. पण आता वाफेबरोबर आपण पाइपातून खाली जाऊन बघू. व्हिडिओत मी हे फळ्यावर मांडलं होतं, इथे शब्दांत मांडतो. यातले आकडे समजण्यासाठी मी धरलेले आहेत, कुठल्या एका विहिरीचे नाहीत.

समजा विहीर हजार मीटर खोल आहे आणि आपण दिवसाला शंभर टन वाफ सोडतोय, शंभर बारला. त्या दाबाला वाफेचं तापमान ३११ अंश असतं. तेलक्षेत्रातले बॉयलर शंभर टक्के कोरडी वाफ बनवत नाहीत, साधारण ऐंशी टक्के वाफ आणि वीस टक्के पाणी असं मिश्रण देतात. ते मुद्दाम. कारण पाण्यात क्षार असतात आणि सगळं पाणी आटवलं तर ते क्षार नळ्यांत चिकटतील. पीण्यात टँकरच्या पाण्यावर बॉयलर चालवणाऱ्या कुणालाही विचारा, क्षार म्हणजे काय ते सांगेल. तर ते वीस टक्के पाणी क्षारांना सोबत घेऊन बाहेर पडतं.

आता ही वाफ पाइपातून खाली निघाली. आजूबाजूचा खडक थंड. प्रत्येक मीटरला अडीचशे वॅट उष्णता बाहेर झिरपते असं धरू. हजार मीटरला अडीचशे किलोवॅट झाले. शंभर टन म्हणजे सेकंदाला सव्वा किलोपेक्षा थोडी कमी वाफ. गुणाकार-भागाकार केला तर वाफेचं प्रमाण ऐंशी टक्क्यांवरून चौसष्टवर येतं. ठीक आहे, चालेल.

पण कुणी म्हणालं, हळूहळू सोडू या, दिवसाला पन्नासच टन. तर काय होईल? पाइप तोच, तापमान तेच, म्हणून झिरपणारी उष्णताही तेवढीच. माल मात्र अर्धा. आता ऐंशीवरून थेट सत्तेचाळीसवर घसरण! म्हणजे बॉयलरमधून निघालेल्या वाफेतली चाळीस टक्के वाफ वाटेतच पाणी झाली. वर गेज बघणाऱ्याला दाब नीट दिसतो, तापमानही नीट दिसतं, कारण वाफ आणि तिचं पाणी एकाच दाबाला एकाच तापमानाचे असतात. गेज खोटं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही. डाइंग युनिटमध्येही हेच झालं होतं. बॉयलरवरचा दाब दिसायला उत्तम होता.

म्हणून पहिली खरी सुधारणा बॉयलरमध्ये नसून पाइपात आहे. दुहेरी भिंतीचा पाइप घेतात आणि दोन भिंतींमधली हवा काढून टाकतात. आपला थर्मास असतो तसाच, फक्त शेकडो मीटर लांब. या पाइपाला व्हॅक्यूम इन्सुलेटेड ट्युबिंग म्हणतात. महाग असतो. आणि एक गंमत बघा, पाइपाचे तुकडे जिथे एकमेकांना जोडतात त्या सांध्याला दुहेरी भिंत नसते. तिथून उष्णता गळते. थर्मासचंही तसंच, भिंत कितीही चांगली असली तरी गळती बुचाकडून. सांध्याला आतून वेगळं आवरण द्यावं लागतं. बाहेरच्या पोकळीत तळाशी पॅकर बसवून वर नायट्रोजन भरणं हाही एक उपाय आहे. पोकळीत पाणी साचलं तर ते उकळून उष्णता बाहेर नेत राहतं, ते तरी टळतं.

आता माझी एक चूक सांगतो. पहिल्या काही वर्षांतली. एका युनिटच्या गच्चीवरून चाळीस मीटर वाफेची लाइन टाकायचं काम होतं. मी ती दोन्ही टोकांना पक्की आवळली. दिसायला सुरेख, दोरीत. दुसऱ्या दिवशी वाफ सोडली. पोलाद तापलं की वाढतं, मीटरमागे दर अंशाला साधारण बारा मायक्रोमीटर. ऐकायला काहीच नाही. पण चाळीस मीटर लांबी आणि दीडशेच्या जवळ अंशांची वाढ म्हणजे सात सेंटिमीटर. लाइनला जायला जागा नव्हती. ती मधूनच बाजूला वाकली, एका फ्लँजचं गॅस्केट फाटलं आणि वाफेचा झोत सुटला. जेवणाची सुट्टी होती म्हणून तिथे कुणी नव्हतं. माझा हेल्पर पाच मिनिटांपूर्वी त्याच फ्लँजला टेकून उभा होता. त्या दिवशी मी जेवलो नाही. आठवड्याभरात स्वखर्चाने लाइनला वळसा घातला, आम्ही त्याला लूप म्हणतो, म्हणजे वाढीला जागा मिळते.

हेच गणित विहिरीला लावा. हजार मीटर लांबी, तापमानातली वाढ दोनशे ऐंशी अंश. पोलाद जवळजवळ साडेतीन मीटर वाढू बघतं! आतली ट्युबिंग मोकळी ठेवता येते, तिला सरकता सांधा देतात. पण बाहेरचं केसिंग सिमेंटने खडकाला जखडलेलं असतं. ते वाढू शकत नाही, म्हणून आतल्या आत दाबलं जातं. हा ताण पावणेसातशे मेगापास्कलच्या घरात जातो. आणि एल-८० या नेहमीच्या केसिंगच्या पोलादाची मर्यादा सुमारे ५५० मेगापास्कल. म्हणजे वाफ सोडली की केसिंग दाबलं जाऊन पिचतं आणि थंड झालं की उलट ताणलं जातं. मुरवणाच्या प्रत्येक फेरीला हेच. तार हाताने वाकवत राहिलो की तुटते, तसं. बरेचदा तुटतं ते आट्यांच्या सांध्याजवळ.

म्हणून वाफेच्या विहिरीचं केसिंग सिमेंट करण्याआधी कधीकधी वरून ओढून ताणलेलं ठेवतात, म्हणजे तापल्यावर निदान काही अंतर तरी निभावतं. आटे वेगळ्या प्रकारचे घेतात. साधं सिमेंट एकशेदहा अंशांच्या वर कमकुवत होत जातं, म्हणून त्यात वजनाच्या पस्तीस-चाळीस टक्के सिलिकाची भुकटी मिसळतात. गच्चीवर मला लूप घालायला जागा होती. विहिरीत लूप घालता येत नाही, हा फरक आहे. आणि फाटलेल्या केसिंगमधून वाफ भलत्याच थरात गेली तर नुकसान फक्त पैशाचं होत नाही, वरच्या थरातलं पाणीही बिघडतं. वाळवंटात तर हे आणखी जपायला हवं.

एक छोटी गोष्ट, पण आमच्या धंद्यातली, म्हणून सांगतोच. एका बॉयलरची वाफ बऱ्याच विहिरींना वाटायची असते. वाटेत टी जोड येतात. ऐंशी टक्के वाफ, वीस टक्के पाणी असलेलं मिश्रण टीमध्ये शिरलं की ते दोन्हीकडे सारखं वाटलं जात नाही. पाणी जड असतं, सरळ धावतं. वाफ हलकी, चटकन वळते. म्हणून एका विहिरीला कोरडी वाफ आणि दुसरीला जवळपास गरम पाणी, असं होऊ शकतं. दुसऱ्या विहिरीचं तेल आलं नाही की लोक म्हणतात तिथला थरच वाईट आहे. थर बिचारा चांगला असतो! टी आडवा ठेवायचा की उभा, आत पट्टी घालायची का, पुढे किती भोकाची ओरिफिस लावायची, याने फरक पडतो. दोन-चार हजारांच्या लोखंडाचा प्रश्न असतो.

हिशेब कुठे बसतो ते बघू. एक घनमीटर तेल काढायला किती घनमीटर पाण्याची वाफ लागली, हा या धंद्यातला मुख्य आकडा. समजा तीन. तीन टन वाफ करायला, बॉयलरमधला तोटा धरून, साधारण नऊ गिगाज्यूलचं इंधन जळतं. एक घनमीटर जड तेलात चाळीसेक गिगाज्यूल असतात. म्हणजे पाव भागाच्या थोडं आत खर्च. हाच आकडा सहा झाला तर जवळजवळ निम्मं गेलं. दहा झाला तर पाऊण. त्यात पंप, पाणी शुद्ध करणं, टँकर धरले की तुम्ही जमिनीतून तेल काढत नसता, वायू जाळून तेल विकत घेत असता. वायूवर वाफ केली तर तीनच्या आकड्यालाही बॅरलमागे सत्तर-ऐंशी किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, ते तेल गाडीत जळण्याच्या आधीच. मुरवणाच्या पद्धतीत हा आकडा फेरीगणिक बिघडत जातो, कारण दर वेळी जास्त दूरचं तेल तापवावं लागतं आणि मधला रिकामा झालेला खडकही पुन्हा तापवावा लागतो. कधी थांबायचं हे ठरवणं, हीसुद्धा एक सुधारणाच आहे. मला वाटतं, ती सगळ्यात कमी केली जाते.

बाकी उपायांबद्दल थोडक्यात. वाफेत ब्युटेनसारखा हलका हायड्रोकार्बन मिसळतात. तो तेलात विरघळतो आणि कमी तापमानातच ते पातळ करतो. पण तो महाग, म्हणून परत किती मिळतो यावर सगळं अवलंबून. मिथेनसारखा न गोठणारा वायू थोडा सोडला तर तो थराच्या छताशी साचून गोधडीसारखं काम करतो, उष्णता वरच्या खडकात कमी जाते. पातळ थरांना याची फार गरज, कारण तिथे वाफेची निम्मी उष्णता वरखालच्या खडकातच जाऊ शकते. ओमानमध्ये अमल या तेलक्षेत्रात आरशांनी ऊन एकवटून वाफ केली गेली. थरच्या उन्हात ही कल्पना कुणालाही सुचेल. पण रात्री वाफ बंद झाली की केसिंग थंड-गरम होणार, आणि त्याचं काय होतं ते आत्ताच पाहिलं. म्हणून सूर्याच्या जोडीला रात्री चालणारा बॉयलर लागतोच.

आता शेवटची गोष्ट, माझी सगळ्यात आवडती. कॅनडात इम्पीरियल ऑइलमध्ये रॉजर बटलर नावाचे इंजिनियर होते. १९७० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी एक विचार मांडला. एक आडवी विहीर थराच्या तळाशी घालायची, तिच्यावर साधारण पाच मीटरवर दुसरी आडवी विहीर, दोन्ही समांतर. वरच्या विहिरीतून वाफ सोडायची. वाफ हलकी, ती वर चढते आणि थरात एक पोकळीसारखी जागा करते. तिच्या कडांना लागून तेल तापतं आणि वितळलेलं तेल व पाणी गुरुत्वाकर्षणाने खालच्या विहिरीत निथळतं. पन्हाळीत पाणी यावं तसं. ढकलायचं काहीच नाही. फोर्ट मॅकमरीजवळ खाली बोगदे खणून त्यांतून या विहिरी घालून १९८७ मध्ये चाचणी सुरू झाली. आता तिथल्या बिट्युमेनचा मोठा भाग याच पद्धतीने निघतो. त्या विहिरी बाघेवालापेक्षा खूप उथळ आहेत, बऱ्याच तर पाचशे मीटरच्या आत. म्हणून दाब कमी आणि वाफेत माल जास्त. राजस्थानात जशीच्या तशी ही नक्कल चालणार नाही.

यात धोका कुठला? वाफ वरून खालच्या विहिरीत सरळ घुसली तर! ती उष्णता न देताच वर परत येईल, सोबत वाळू आणेल, जाळी झिजवेल. मग तिला अडवायचं कसं? खाली पाचशे मीटरवर ट्रॅप कोण बसवणार? उपाय असा केला की उपसा थोडा कमी ठेवायचा. इतका कमी की खालच्या विहिरीच्या वर तेल आणि पाण्याचं एक डबकं कायम साचलेलं राहील. त्या डबक्यातून द्रव जातो, वाफ जाऊ शकत नाही. डबकं आहे की आटलं, हे कळतं तापमानावरून. विहिरीत येणारा द्रव वाफेच्या तापमानापेक्षा काही अंश थंड असला, तर डबकं आहे. तापमान वाफेइतकं चढलं, तर आटलं, उपसा कमी करा. फार थंड झालं, तर डबकं फार वाढलंय, तेल अडतंय, उपसा वाढवा. इंजिनियर याला चक्क ‘स्टीम ट्रॅप कंट्रोल’च म्हणतात.

विहीर मात्र सातआठशे मीटर आडवी असते. एका टोकाला डबकं खोल, दुसऱ्या टोकाला उघडं, असं होतं. म्हणून अलीकडे आत ऑप्टिकल फायबर घालून मीटरामीटरचं तापमान वाचतात. आणि पाइपाला जागोजागी लहान भोकांचे अडथळे बसवतात. थंड द्रव त्यातून सहज जातो. वाफेच्या तापमानाला आलेलं पाणी भोकातून जाताना दाब उतरल्यामुळे भस्सकन वाफ होतं, फुगतं आणि स्वतःचीच वाट अडवतं. आमच्या पीण्यातला चकतीचा ट्रॅप याच तत्त्वाच्या जोरावर मिटतो. हे वाचलं तेव्हा मी वर्कशॉपमध्ये एकटाच हसलो होतो.

ते बॉयलरवरचे काका आता निवृत्त होऊन खानापूरला असतात. त्यांना फोनवर मी हे सगळं सांगितलं. विहिरी, डबकं, तापमान, सगळं. ते बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, ‘‘म्हंजे तेलच ट्रॅप झालं की रे.’’ मग विचारलं, ‘‘आणि शेजारच्या डाइंगवाल्याचे ट्रॅप कोण बघतंय आता?’’

मी त्याच शनिवारी जाऊन बघून आलो. अकरापैकी दोन गळत होते.